रात्री नांगर घसरतो, बोट लोळते: कोकण किनाऱ्यावर मुक्कामाची जागा कशी शोधावी

नोव्हेंबर ते मार्च या काळात शिडाची बोट घेऊन मुंबईहून गोव्याकडे निघणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. संध्याकाळी नांगर टाकला तेव्हा पाणी निवांत होतं, जेवणं झाली, मंडळी झोपली, आणि रात्री दोनला बघतो तर बोट भलतीकडेच. कधी घसरत जाऊन शेजारच्या ट्रॉलरला टेकलेली, कधी कील (तळाखालचा जड पंख) गाळात रुतलेली. कधी जागेवरच, पण अशी लोळतेय की बंकवरचा माणूस खाली यावा. मग नांगराला दोष लागतो, वीस किलोच्या जागी पंचवीस किलोचा येतो आणि पुढच्या मोसमात पुन्हा तेच.

नांगराचा दोष क्वचितच असतो. जागा दुपारी बघून निवडलेली असते आणि मुक्काम रात्री करायचा असतो, घोळ तिथे आहे. कोकणात हिवाळ्यातली दुपार आणि हिवाळ्यातली रात्र यांच्यात वारा उलटा होतो, पाण्याची खोली कित्येकदा दुपटीने बदलते आणि खाडीचा प्रवाह दोन वेळा दिशा बदलतो. संध्याकाळी पाचला दिसणारी खाडी रात्री दोनला तिथे नसतेच.

पुढचं सगळं तीस ते चाळीस फुटी, दीड ते दोन मीटर पाण्यात बुडणाऱ्या कीलच्या बोटी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. पावसाळ्याचा विचार केलेला नाही. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक नौकांची मासेमारीसुद्धा बंद असते, तेव्हा त्या दिवसांत हौसेच्या बोटीने खाडीच्या तोंडाशी असण्याचं काही कारण नाही.

आधी तिथी बघा

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत अजून चालते: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बारा. ज्यांना पाऊणकी पाठ आहे त्यांना कागदही लागत नाही. हा अंदाज मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे येते, त्यामुळे मालवण-गोव्याकडे पूर्ण भरती मुंबईच्या आधी होते. नेमक्या आकड्यांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टकं आहेतच, पण जागा निवडताना तिथी एक गोष्ट लगेच सांगून टाकते: आज रात्री धोका घसरण्याचा आहे की टेकण्याचा.

पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर भरती मध्यरात्री, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास. हिवाळ्यात सूर्यही तेव्हाच मावळतो आणि बहुतेक बोटी तेव्हाच नांगर टाकतात. साउंडरवर, म्हणजे खोली मोजणाऱ्या यंत्रावर, दिसणारी खोली ही त्या रात्रीची जवळजवळ सगळ्यात कमी खोली. माणूस त्या खोलीच्या हिशेबाने साखळी सोडतो आणि मध्यरात्रीपर्यंत खालून पाणी वाढत जातं.

अष्टमीच्या आगेमागे उलटं. संध्याकाळी सहाला पूर्ण भरती, मध्यरात्री ओहोटी. साउंडर तीन-सव्वातीन मीटर दाखवतो, जागा किनाऱ्याजवळची, छान आडोशाची. रायगडच्या बाजूला भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आगेमागच्या लहान भरती-ओहोटीच्या दिवसांतही पाणी दीडेक मीटर उतरतं. सव्वातीनातून दीड गेले, उरले पावणेदोन, आणि तुमची बोट एक मीटर ऐंशी सेंटिमीटर बुडते. रात्री बाराला बोट कलायला लागते ती अशी. गाळात टेकली तर फारसं बिघडत नाही, भरतीला उठते. दगडावर टेकली तर बिघडतं.

उधाणाला मुंबई-रायगडकडे पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं, कधी त्याहूनही जास्त. दक्षिणेला जावं तसा हा फरक कमी होतो आणि गोव्यात दोन मीटरच्या आसपास येतो. म्हणजे गोव्याकडून वर येणाऱ्या बोटींनी जास्त जपायचं. तिकडे अंगवळणी पडलेली साखळी मांडव्याला पुरत नाही. आणखी एक बारकावा: उधाणाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात दुपारची भरती मोठी, म्हणून ती बातम्यांत येते. हिवाळ्यात मध्यरात्रीची मोठी, म्हणून ती कुणाच्या नजरेत येत नाही, फक्त नांगराला कळते.

साखळीचा हिशेब

तोंडी सगळे सांगतात, खोलीच्या पाचपट साखळी सोडावी. कुठली खोली, हे सांगत नाहीत. मध्यरात्रीची पूर्ण भरतीची खोली, अधिक पाण्यापासून नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) रोलरपर्यंतची उंची, या बेरजेच्या पाचपट.

समजा मांडव्याजवळ पौर्णिमेच्या संध्याकाळी तीन मीटर पाणी मिळालं आणि नाळ पाण्यावर एक मीटर वीस सेंटिमीटर आहे. बेरीज ४.२ मीटर. तुम्ही २० मीटर साखळी सोडली, जवळजवळ पाचपट झाली, समाधान वाटलं. मध्यरात्री पाणी चार मीटर चढलं. आता बेरीज ८.२ आणि साखळी तीच २०, म्हणजे अडीचपटीलाही कमी. एवढ्या आखूड साखळीने नांगराची दांडी वर उचलली जाते आणि तो तळातून सुटतो. पाचपटीसाठी तिथे ४१ मीटर हवी होती, वारा असेल तर सातपटीच्या हिशेबाने ५७. बऱ्याच बोटींत एवढी साखळी नसतेच. चाळीस मीटर साखळी आणि पुढे जाड नायलॉन दोर, ही जोडणी निघण्यापूर्वीच करून ठेवा.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. उधाणाच्या रात्री हे दोन तास साधारण आठ ते दहा, म्हणजे जेवून आडवं व्हायची वेळ. त्या दिवशी दहाला एकदा उठून साखळी बघितल्याशिवाय झोपू नये, असं माझं मत आहे. फोनवरचा जीपीएस अलार्म लावाच, पण त्याचं वर्तुळ नांगर जिथे टाकला त्या बिंदूभोवती लावा. बोट जिथे उभी आहे तिथून लावलं तर वारा फिरला की अलार्म उगाच ओरडतो, माणूस वैतागून तो बंद करतो आणि खरी वेळ येते तेव्हा सगळे झोपलेले असतात.

वारा उलटतो, तेव्हा मागे काय आहे?

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात, तेच हे. हिवाळ्यात दुपारी बाराच्या पुढे वायव्येचा खारा वारा धरतो, चार-पाचला जोरात असतो, दिवेलागणीनंतर पडतो. मग दोन-चार तास काहीच नाही. मध्यरात्रीनंतर जमिनीवरून, पूर्व-ईशान्येकडून मतलई सुरू होतो तो सकाळी नऊ-दहापर्यंत.

संध्याकाळी बोट नांगराच्या आग्नेयेला, किनाऱ्याच्या बाजूला उभी असते. म्हणून सगळ्यांचं लक्ष किनाऱ्याकडे: पुळण किती लांब आहे, खडक कुठे आहेत. पहाटे तीच बोट नांगराच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला झुलते, आणि त्या बाजूला काय आहे हे कुणी बघितलेलंच नसतं. हर्णैला त्या बाजूला सुवर्णदुर्ग आहे. खाडीत असाल तर समोरचा काठ आहे. शिवाय नांगर वायव्येच्या ओढीने रुतलेला असतो, आता त्याला बरोबर उलट दिशेने ओढ लागते. चांगला नांगर जागीच फिरून पुन्हा रुततो. नांगराच्या पात्यावर चिंधी, जाळ्याचा तुकडा किंवा मोठा दगड अडकलेला असेल तर रुतत नाही.

उपाय सोपा, जरा कंटाळवाणा आहे. नांगर टाकल्यावर साखळीची लांबी अधिक बोटीची लांबी एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ मनात काढा आणि त्या पूर्ण वर्तुळात खोली, खडक, जाळी, दुसऱ्या बोटी तपासा. नुसत्या दुपारच्या वाऱ्यामागच्या तुकड्यात नाही. जमलं तर डिंगीतून, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीतून, हातातला दोर-शिसं टाकत एक फेरी मारा. बाजूचे ट्रॉलर आखूड दोरावर उभे असतात, ते तुमच्याएवढे झुलत नाहीत. ते धरूनच अंतर ठेवा.

खाडीत याला तिसरा गडी मिळतो, प्रवाह. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या मुखाजवळ पाणी दोन नॉटहून जास्त वेगाने बाहेर पडतं आणि खोल कीलची बोट वाऱ्याचं न ऐकता पाण्याचं ऐकते. संध्याकाळी ओहोटी बाहेर, खारा वारा आत, अशी गाठ पडली की बोट पुढे सरकून स्वतःच्याच साखळीवर चढते आणि तळाशी खरखर सुरू होते. भीतीदायक वाटतं, पण नांगर सुटल्याचं ते लक्षण नाही. साखळीला पाच-सात मीटर नायलॉनचा स्नबर (धक्के शोषणारा दोर) लावला की आवाज आणि धक्के दोन्ही निम्म्यावर येतात.

बोट जागेवर आहे, पण झोप नाही

लोळण्याचं कारण तिथल्या वाऱ्यात शोधू नका. खूप दूर उठलेली लांब लाट, स्वेल, भूशिराला वळसा घालून आत शिरते. वारा असतो तोवर बोट लाटेला नाळ देऊन उभी असते, काही जाणवत नाही. रात्री वारा पडला की प्रवाह बोटीला किनाऱ्याशी समांतर उभी करतो आणि तीच लाट कुशीवर येते.

ही जागा दिवसाच ओळखता येते. भूशिराच्या आतल्या बाजूच्या खडकांना पांढरी किनार दिसत असेल तर लाट आत येतेय. गावच्या होड्या रोज वाळूवर ओढून ठेवत असतील तर त्या गावाला रात्रीचा आडोसा नाही, हे गावाला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. जिथे ट्रॉलर सबंध हिवाळा पाण्यावर उभे असतात तिथे आडोसा आहे. मला ही खूण कुठल्याही चार्टप्लॉटरपेक्षा (बोटीवरच्या जीपीएस नकाशापेक्षा) भरवशाची वाटते. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज निघतो. त्यात लाटेची उंची बघतात तसाच तिचा कालावधीही बघा. बारा-चौदा सेकंदांची एक मीटर लाट पाच सेकंदांच्या दीड मीटर लाटेपेक्षा रात्री जास्त छळते, कारण ती कोपऱ्याकोपऱ्यांतून वळून आत येते.

आता अडकलाच असाल तर एक युक्ती. साखळीला, पाण्याच्या जरा वर, एक लांब दोर गाठीने बांधा. तो बोटीच्या बाहेरून मागच्या विंचवर (दोर ओढायच्या चक्रावर) आणा. मग साखळी आणखी सात-आठ मीटर सोडा. विंचने दोर ओढत गेलं की बोट तिरकी होते आणि लाट कुशीवर न येता नाळेवर येते. मागे दुसरा नांगर टाकूनही हे साधतं, पण खाडीत किंवा गर्दीत ते करू नका: बाकी सगळे फिरतील, तुम्ही एकटे आडवे राहाल.

तळ कसला आहे

खाड्यांच्या आत मऊ गाळ, पुळणींसमोर वाळू, भूशिरांशी आणि सगळ्या मालवणभर खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक. नकाशावर हे लिहिलेलं असतं. देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचे नकाशे घ्या. त्यांतली खोली ओहोटीच्या नीच पातळीपासून मोजलेली असते, तेव्हा भरतीचा आकडा त्यात मिळवायचा. मात्र खाडीच्या मुखाशी असलेला वाळूचा बांध दर पावसाळ्यात जागा बदलतो आणि तो कुठलाच नकाशा वेळेवर दाखवू शकत नाही. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला आणि वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळला चढत्या भरतीवर, उजेडात शिरा. त्याआधी आत-बाहेर करणाऱ्या दोन-तीन बोटींची वाट बघा आणि त्यांची रेघ धरा.

वाळूत नांगर लगेच बसतो. मऊ गाळात घाई केली की फसगत होते. गाळात नांगर टाकून लगेच इंजिन रिव्हर्समध्ये जोरात ओढलं तर तो लोण्यातून सुरी जावी तसा निघून येतो आणि लोक म्हणतात, जागा वाईट आहे. साखळी हळूहळू पसरवा, पंधरा-वीस मिनिटं नुसतं थांबा, चहा घ्या. मग इंजिन आधी मंद, नंतर थोडं थोडं वाढवत ओढा. साखळीवर तळवा ठेवा. नांगर घसरत असेल तर हाताला गुरगुर लागते, धरलेला असेल तर साखळी ताठ आणि गप्प असते. त्याच वेळी किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, म्हणजे पुढचा माड आणि मागचा मोबाइल टॉवर अशा एका रेघेत धरा. रेघ मोडली नाही की झालं. रात्रीसाठी दिवे असलेल्या दोन वस्तू वेगळ्या शोधून ठेवा, माड अंधारात दिसणार नाही.

मच्छीमारांचा चार बोटांचा लोखंडी नांगर बघून तसाच घेणारे काही जण आहेत. तो खडपात अडकायला उत्तम, गाळात मोठ्या बोटीला धरायला कमकुवत. गाळासाठी रुंद पात्यांचा डॅनफोर्थ किंवा नव्या घडणीचा, रोक्नासारखा नांगर बरा.

जाळी आणि माणसं

रायगडकडे प्रवाहात खुंटांना बांधलेल्या डोली, म्हणजे पिशवीसारखी जाळी, असतात. भरतीच्या मध्याला त्यांची बोयी (तरंगत्या खुणा) पाण्याखाली ओढली जातात आणि जागा मोकळी दिसते, पाणी थांबलं की तीच जागा बोयांनी भरते. म्हणून रिकामं पाणी दिसलं तरी पाणी स्थिर होईपर्यंत थांबून बघा. मालवण-वेंगुर्ल्याकडे पुळणीसमोर रापण लागते. मोठं जाळं समुद्रात गोल सोडून दोन्ही टोकांनी माणसं किनाऱ्यावर ओढतात. त्या घेरात तुमचा नांगर असेल तर सगळ्यांचा त्या दिवसाचा धंदा गेला, आणि मग बोलणी ऐकून घ्यावी लागतात, ती रास्तच असतात.

सगळ्यात स्वस्त उपाय विचारण्याचा. जवळच्या ट्रॉलरपाशी डिंगी घेऊन जा. "तांडेल, रात्री इथे पाणी किती राहतं? तुमच्या बोटी पहाटे कुठून निघतात?" एवढे दोन प्रश्न पुरतात. "इथे नांगर टाकला तर चालेल का" असं विचारू नका. भला माणूस पाहुण्याला नाही म्हणत नाही, "टाका की" म्हणतो, आणि त्याच्या डोक्यात त्याची दोन फूट पाण्यात बुडणारी होडी असते. आपली बोट किती बुडते ते हाताने दाखवा. मालवणात मग लगेच उत्तर येतं, "थंय नको, खाली खडप आसा."

नांगरावरच्या बोटीने रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा असतो, दिवसा काळा गोळा. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा नियमाला पुरतो, पण पहाटे चारला वेगाने निघणाऱ्या होडीतला माणूस एवढं वर बघत नाही. नजरेच्या उंचीवर एक सौर कंदील आणखी टांगा. आणि खाडीचा मधला मार्ग मोकळा सोडा, फेरीबोटींचा रस्ता तर नक्कीच.

२६ नोव्हेंबर २००८ नंतर अनोळखी बोटीकडे किनाऱ्यावर बारीक लक्ष असतं, असायलाच हवं. पोहोचल्यावर मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात किंवा सागरी पोलिसांकडे स्वतःहून कळवा, बोटीची कागदपत्रं आणि सगळ्यांची ओळखपत्रं हाताशी ठेवा. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३, संकटात तटरक्षक दलाचा १५५४, आणि व्हीएचएफवर (बोटीवरच्या रेडिओवर) चॅनेल १६ चालू. आधी कळवलेलं असेल तर रात्री एकला टॉर्च मारत गस्तीची बोट आली तरी दोन मिनिटांत निघून जाते.

कुठे थांबावं

मुंबईहून जंजिऱ्यापर्यंत चाळीसेक सागरी मैल. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी, किल्ल्याजवळ, फोटोसाठी थांबा. मुक्कामाला खाडीत आत जा. दिघीच्या मोठ्या जहाजांचा मार्ग आणि आगरदांडा-दिघी फेरी टाळून काठाकडे गाळात चांगली पकड मिळते.

तिथून हर्णै तीस मैल. इथे माझं मत वेगळं आहे: हर्णै सोयीचं आहे, मासळीचा लिलाव बघण्यासारखा आहे, पण रात्रीसाठी मला ते आवडत नाही. ट्रॉलरची दाटी, खालचे सोडलेले दोर, आणि मतलई सुरू झाला की मागे सुवर्णदुर्गाचे खडक. वारा शांत आणि भांगाचे दिवस असतील तर ठीक. नाहीतर दाभोळला भरती मिळत असेल तर आणखी पंधरा मैल पुढे जा, किंवा पहाटे लवकर निघून सरळ जयगड गाठा.

जयगड म्हणजे शास्त्री नदीचं मुख. बाहेर मोठं बंदर आहे, त्याच्या जहाजांपासून लांब राहायचं. किल्ल्याला वळसा घालून, तवसाळ फेरीच्या पलीकडे आत गेलं की स्वेल जवळजवळ संपते. ओहोटीचा प्रवाह तेवढा जोराचा असतो.

विजयदुर्गावर जरा थांबतो, कारण अख्ख्या किनाऱ्यावर शिडाच्या बोटीसाठी यासारखी जागा मला दुसरी वाटत नाही. वाघोटण नदीच्या मुखाशी, दक्षिणेच्या टोकावर किल्ला, त्याच्या पूर्वेला बंदर. मुखाशी वाळूचा बांध नाही, म्हणजे भरतीची वाट न बघता आत येता येतं. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरनेही याच कारणासाठी या बंदराला पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम बंदरांत धरलं आहे. पश्चिम आणि दक्षिण दोन्हीकडून आडोसा. वायव्येचा जोराचा वारा दोन-तीन दिवस लागून राहिला तर मुखाजवळ थोडी खळबळ येते, तेव्हा नदीत आणखी आत, गिर्याच्या बाजूला सरका. आंग्र्यांच्या काळातली गोदी तिथेच आहे, आणि गलबतं दुरुस्त करणाऱ्यांनी जागा निवडताना लाटांचा विचार केलाच असणार. किल्ल्याच्या समुद्राकडच्या बाजूला मात्र जवळून जाऊ नका, तिथे पाण्याखाली दगडी बांधकाम आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये याच बंदरात आंग्र्यांचं आरमार एकमेकांना खेटून उभं होतं, एका जहाजाला आग लागली आणि सगळं जळालं. ट्रॉलरला बाजूला बांधून राहण्याची आमंत्रणं मिळतात, तेव्हा मला हे आठवतं. ट्रॉलरवर स्टोव्ह पेटलेला असतो आणि डिझेलचे कॅन शेजारीच. आमंत्रण घ्यावं, मासळी घ्यावी, बोट वेगळी ठेवावी.

बारा मैलांवर देवगड. छोटं, चहूबाजूंनी बंद, आणि हवामान बिघडलं की सगळे धावतात ते बंदर. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटींनी इथेच आसरा घेतला होता. नेमकी हीच अडचण: अंदाज वाईट असेल तेव्हा इथे जागा नसते. वादळाची बातमी आली तर एक दिवस आधी पोहोचा, नाहीतर विजयदुर्गातच थांबा.

मालवणला संध्याकाळी उशिरा शिरू नका, एवढं पाळलं तरी पुरे. सिंधुदुर्गाभोवती पाण्यात दबलेले खडक आहेत. दुपारी दोन-तीनला पश्चिमेकडून आत येताना सूर्य पाठीशी असतो आणि खडपाचे काळे डाग पाण्यात दिसतात, पाचनंतर ऊन तिरपं होऊन काही दिसत नाही. इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळ आहे. वाळूचा स्वच्छ तुकडा सापडला तरच नांगर, नाहीतर पुढे चला.

गोव्यात आग्वादच्या आडोशाला हिवाळ्यात बऱ्याच बोटी थांबतात. मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे, तेव्हा आत जायचं तर भरतीवर. आणि नांगराबद्दल फार आत्मविश्वास वाटायला लागला तर कांदोळीच्या पुळणीवर २००० च्या जूनमध्ये येऊन बसलेलं रिव्हर प्रिन्सेस हे खनिजवाहू जहाज आठवा. ते हटवायला दहा वर्षांहून जास्त लागली.

मध्यरात्री सुटलाच तर

पहिलं काम इंजिन सुरू करणं. साखळीचं काय करायचं ते नंतर. मग रेघ आणि जीपीएसवरची वाट बघा: बोट नुसती फिरली असेल तर वाट कमानीसारखी दिसते, घसरत असेल तर सरळ. घसरत असेल आणि मागे जागा असेल तर दहा-पंधरा मीटर साखळी आणखी सोडा, पुष्कळदा तेवढ्याने धरतो. पाच मिनिटांत धरला नाही तर वर घ्या. अर्धवट सुटलेला नांगर ओढत बसलात तर तो कुणाच्या तरी दोरात जाऊन अडकेल.

वर घेतल्यावर अंधारात नवी जागा शोधू नका. संध्याकाळी आत येताना चार्टप्लॉटरवर जी वाट उमटली तीच उलटी धरून बाहेर पडा, खोल मोकळ्या पाण्यात उजाडेपर्यंत हळूहळू फिरत राहा. म्हणूनच संध्याकाळी, नांगर टाकण्याआधी, बाहेर पडायची कंपासची दिशा एका कागदावर लिहून सुकाणूपाशी चिकटवावी. झोपेतून उठलेल्या माणसाला डावं-उजवं कळत नाही.

नांगर वरच येत नाही

हा उलटा त्रास, हर्णैसारख्या जुन्या बंदरांत आणि मालवणच्या खडपात. विंडलासने (साखळी ओढणाऱ्या यंत्राने) ताकद लावू नका, मोटार जळेल. ओहोटी पूर्ण झाल्यावर साखळी उभी, ताठ करून बांधा, सगळ्यांना मागच्या बाजूला बसवा आणि भरतीला तिचं काम करू द्या. पाणी नाळ वर उचलतं, बहुतेक वेळा तासाभरात नांगर सुटतो. मात्र कुणीतरी नाळेवर लक्ष ठेवून बसायला हवं. नाळ फारच खाली ओढली जायला लागली तर साखळी ढिली करायची आणि जिकडून नांगर टाकला त्याच्या उलट दिशेने इंजिनावर ओढून बघायचं. खडपात टाकण्याआधीच नांगराच्या डोक्याला बारीक दोर आणि वर बोया बांधलेला असेल तर हे सगळं वाचतं. दाटीच्या बंदरात मात्र तो बोया दुसऱ्याच्या पंख्यात जातो, तिथे नको.

तरीही नाहीच आला तर साखळी सोडून द्यावी लागते. त्यासाठी साखळीचं शेवटचं टोक बोटीला शॅकलने (लोखंडी कडीने) न बांधता जाड दोराने बांधलेलं हवं, आणि तो दोर डेकवर येईल एवढा लांब, म्हणजे सुरीने कापता येतो. टोकाला फेंडर (बोटीच्या कडेला लावायचा हवेचा फुगा) बांधा, जीपीएसची नोंद घ्या, सोडा. दुसऱ्या दिवशी पाणी स्थिर असताना पाणबुड्या घेऊन परत या. मालवण-तारकर्लीकडे स्कूबा शिकवणारी मुलं आहेत, त्यांना पाच-सहा मीटरवरचा नांगर मोकळा करणं फार अवघड जात नाही. पैसे आधी ठरवा.